मागचा ब्रेक तपासला

मुखपृष्ठ

मित्रांनो, मी एक जुनी सर्व्हिस पुस्तिका आहे. जुनी म्हणजे फक्त तीन वर्षांची. पण आमचे वय वर्षांत मोजू नये, किती पाने उरली त्यावरून मोजावे. छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा मला बत्तीस पाने होती. आता एकतीस आहेत. एक फाडले गेले. ते कुणी फाडले आणि का, एवढेच मला सांगायचे आहे.

तुमच्या घरी मोटरसायकल असेल तर माझी एखादी बहीण तिच्या सीटखाली, प्लॅस्टिकच्या पाकिटात झोपलेली असेल. तिला कुणी वाचत नाही. शिक्का मारण्यापुरते बाहेर काढतात आणि पुन्हा झोपवतात. आम्हा बहुतेकींचे आयुष्य असेच जाते आणि त्यात वाईट काही नाही. माझे दुर्दैव असे, की मला एका माणसाने वाचले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. दोनदा.

पान १ : मालकाचे नाव व पत्ता

कल्याणी दशरथ गजभिये. हडपसर, पुणे.

नाव कल्याणीचे असले तरी मला वाचणारा माणूस तिचा बाप होता. दशरथ गजभिये वर्ध्याकडून तरुणपणी पुण्यात आले आणि हडपसरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे फिटर होते. पंप जोडायचे. निवृत्त झाले त्याच वर्षी कल्याणीला आयटीत नोकरी लागली आणि तिने ही गाडी घेतली.

शोरूममध्ये गाडी ताब्यात देण्याचा एक सोहळा असतो. हार, पेढे, दोन हात लांबीची पुठ्ठ्याची किल्ली, फोटो. विक्रेत्याने नारळ पुढे केला.

"नारळ राहू द्या हो," दशरथ म्हणाले. "टूल किट दाखवा."

"काका, आजकाल ते कुणी बघत नाही."

"म्हणून तर बघतो."

त्यांनी पाकीट उघडले, नट कसायचे पाने मोजले, एक पाना हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "पत्रा आहे. चमचा म्हणून वापरता येईल." कल्याणी लाजून दुसरीकडे बघू लागली. मग त्यांना पाकिटाच्या तळाशी मी सापडले.

पान ३२ : मालकाच्या नोंदींसाठी

आधी हे शेवटचे पान सांगते, कारण त्यांनी पहिल्यांदा लिहिले ते इथे.

दशरथांनी मला घरी नेऊन गॅलरीत बसून वाचले. चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून. त्यांच्या वडिलांना अक्षर येत नव्हते. सरकारी कागदावर ते अंगठा उठवायचे आणि मग तो अंगठा धोतराला पुसत राहायचे, शाई गेली तरी. दशरथ हे नेहमी सांगत आणि शेवटी म्हणत, "माझ्या बापाला अंगठा होता. मला सही आहे." त्यामुळे छापलेल्या कागदाबद्दल त्यांना जो आदर होता तसा मी पुन्हा कुणाच्या डोळ्यांत पाहिला नाही. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी पेन काढले आणि या कोऱ्या पानावर लिहिले:

*वाचले. दशरथ गजभिये.*

नावाखाली एक रेघ, रेघेखाली दोन टिंबे.

मला कुणी अशी पोच दिली नव्हती. मला वाटले, मी काहीतरी आहे.

पान ११ : हमीच्या अटी

*अधिकृत सेवा केंद्राखेरीज अन्य कोणीही वाहनाचा कोणताही भाग उघडल्यास हमी रद्द समजली जाईल.*

मित्रांनो, ही ओळ माझ्यातलीच आहे. मी ती लिहिली नाही, माझ्यावर छापली गेली. पण ज्याच्या अंगावर ओळ असते त्याचीच ती मानली जाते.

दशरथांनी ही ओळ वाचली तेव्हा त्यांच्या पलंगाखाली त्यांची पान्यांची पेटी होती. एकतीस वर्षांची. सतरा नंबरचा पाना त्यांच्या तळहातावर ठेवला की आपणहून वळायचा, असे कारखान्यात म्हणत. त्यांनी पेटी अर्धी बाहेर ओढली होती. ती पुन्हा आत सरकवली.

"छापलंय ना," ते म्हणाले. "मग झालं."

"बाबा, ते लोक ट्रेन्ड असतात," कल्याणी म्हणाली. "कंपनीचे. तुम्ही आता आराम करा ना."

"करतो. फक्त एक करू दे. तुझी ती वांगी रंगाची नेलपॉलिश दे."

कारखान्यात एक पद्धत होती. नट कसून झाला, की नट आणि बोल्ट या दोघांवरून रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट जरासा जरी फिरला, तरी रेघ तुटते. मग नुसते बघून कळते. दशरथांनी उकिडवे बसून गाडीच्या महत्त्वाच्या नटांवर अशा रेघा ओढल्या. मागच्या चाकावर, हँडलवर आणि मागच्या ब्रेकला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीच्या नटावर.

"हे काय आता?"

"उघडायचं नाही असं लिहिलंय. रेघ ओढायची नाही, असं कुठं लिहिलंय?"

त्या दिवसापासून कल्याणी ऑफिसला निघायच्या आधी ते रोज पार्किंगमध्ये जाऊन उकिडवे बसत. अर्धा मिनिट. रेघा बघत. उठताना गुडघ्यावर हात ठेवून "चला" म्हणत. तेवढीच त्यांची नोकरी उरली होती.

पान १४ व १५ : पहिली आणि दुसरी सर्व्हिस

हडपसरच्याच अधिकृत सेवा केंद्रात इंद्रजीत नावाचे सल्लागार होते. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज, आतली खोली थंडगार. तिथून काचेतून बाहेरच्या गाड्या दिसत. माझ्यावर पंधरा चौकोन असतात:

इंजिन ऑइल ✓
साखळी ✓
पुढचा ब्रेक ✓
मागचा ब्रेक, चाक काढून साफ केला ✓

आणि असेच आणखी अकरा. इंद्रजीत ते पंधरा चौकोन नऊ सेकंदांत भरत. मान वर न करता, एकीकडे फोनवर बोलत. मला वाटले, एवढा हात बसलेला माणूस म्हणजे कसबी असणार. मला शिक्क्याचा फार अभिमान होता. निळा, गोल, थोडा तिरका. दुसऱ्या सर्व्हिसनंतर तर कल्याणीने माझा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला होता. दोन्ही वेळा रेघा तुटून आल्या होत्या आणि दशरथांनी नव्या ओढल्या होत्या.

पान १६ : तिसरी सर्व्हिस

इथे माझे दिवस फिरले.

सर्व्हिस होऊन गाडी घरी आली. पंधरा खुणा, एक शिक्का. दशरथ सकाळी खाली बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. कल्याणी हेल्मेट घेऊन आली.

"बाबा, उशीर होतोय मला."

"मागचं चाक काढलं म्हणतात?"

"हो. लिहिलंय ना त्यात."

"मग ही रेघ अशीच्या अशी कशी गं?"

ती वाकली. वांगी रंगाची रेघ नटावरून बोल्टवर सरळ गेलेली होती. केसाइतकीही तुटलेली नव्हती. त्या नटाला पाना लागलाच नव्हता. ब्रेक कुणी उघडलाच नव्हता. आणि माझ्यावर खूण होती.

दशरथांनी ना टोमणा मारला, ना 'मी म्हणालो होतो' म्हटले. एवढेच म्हणाले, "विचार जरा. चुकून राहिलं असेल."

मित्रांनो, खोटे बोलल्यावर माणसाला घाम येतो म्हणतात. कागदाला काही होत नाही. मी तशीच गुळगुळीत होते.

पान १६, समासात, वेगळ्या शाईने

कल्याणी बुधवारी रजा घेऊन सेवा केंद्रात गेली. रागात होती, पण पुण्यातल्या शिकलेल्या मुली जशा रागावतात तशी, 'आपण' म्हणत.

"आपण चाक काढलंच नाही. ही रेघ बघा."

इंद्रजीत बाहेर आले. पहिल्यांदाच गाडीजवळ आले. वाकून पाहिले.

"मॅडम, ही रेघ कंपनीची नाही. कुणी काढली?"

"बाबांनी. ते फिटर होते."

"म्हणजे गाडीला बाहेरचा हात लागलाय."

"हात नाही हो, नेलपॉलिश लागलंय!"

"तेच लिहावं लागेल मला," ते अत्यंत प्रेमाने म्हणाले आणि माझ्या समासात लिहिले: *बाहेरील हस्तक्षेपाच्या खुणा आढळल्या.* "इंजिनातून तेल झिरपतंय म्हणत होतात ना? आता ते हमीत बसवणं अवघड आहे. बघतो मी वर बोलून. पण काकांना सांगा, प्लीज, आता काही करू नका म्हणावं. आणि आपलं समाधान व्हावं म्हणून मागचा ब्रेक आज पूर्ण उघडून देतो."

पाहिलेत? जो माणूस खोटे पकडतो, त्याचीच खूण गुन्ह्याची खूण ठरते. आणि ती नोंदायला कागद कोणाचा? माझा.

त्या दिवशी ब्रेक खरोखर उघडला. उत्तरेश्वर नावाचे मेकॅनिक होते, त्यांनी. त्याआधी त्यांना सांगितले गेले, की गाडीवरचा तो रंग पेट्रोलने पुसून टाका. सगळ्या रेघा गेल्या. संध्याकाळी गाडी धुऊन उभी होती आणि माझ्यावर पुन्हा एकदा, नऊ सेकंदांत, लिहिले गेले: मागचा ब्रेक तपासला ✓

पान नंबर नसलेली जागा

घरी आल्यावर जे झाले ते माझ्यावर कुठेच छापलेले नाही, पण मी कल्याणीच्या हातात होते म्हणून ऐकले.

"तुमच्या त्या रेघेनं माझी हमी घालवली बाबा! लोकांसमोर माझी काय शोभा झाली माहितीये? नेलपॉलिश! हसत होते सगळे."

"अगं, पण त्यांनी उघडलंच नव्हतं..."

"आता उघडलंय! बघा, एक रेघ नाही शिल्लक. आता प्लीज हात लावू नका. माझ्या गाडीला हात लावू नका. बसू पण नका तिथं खाली."

दशरथांनी मला तिच्या हातातून घेतले, समासातली ओळ वाचली. बोट धरून. मग मला मिटून परत दिले.

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पार्किंगमध्ये गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. घरात चहा, जेवण, टीव्ही सगळे चालू होते. फक्त रोज सकाळचे ते अर्धे मिनिट बंद झाले.

अकरा दिवस

मागच्या ब्रेकची लोखंडी पट्टी एका नटाने धरलेली असते. तो नट फिरून सुटू नये म्हणून त्याच्यातून एक पिन घालतात. केसांना लावायच्या पिनेसारखी, साधी. ती घालून तिचे पाय वाकवतात. पाच वर्षांच्या मुलालाही दिसेल, की पिन आहे की नाही. फक्त त्यासाठी खाली बसावे लागते.

ती पिन नव्हती.

माझ्या पाकिटापासून दीड हात खाली तो नट अकरा दिवस फिरत होता. प्रत्येक खड्ड्यात थोडा, प्रत्येक गतिरोधकावर थोडा. मला तोंड नाही. मला फक्त शाई आहे, आणि माझ्या शाईत लिहिले होते: तपासला.

अकराव्या दिवशी, रविवारी, दशरथांना कर्वेनगरला एका जुन्या सोबत्याकडे जायचे होते. ते बसने निघाले होते. कल्याणीने किल्ली पुढे केली.

"गाडी घेऊन जा ना बाबा. सर्व्हिसिंग झालंय. छान मऊ चालतेय."

अकरा दिवसांनी ती त्यांच्याशी नीट बोलली होती. ही किल्ली म्हणजे माफी होती, हे दोघांनाही कळले. त्यांनी ती घेतली.

खाली येऊन ते गाडीजवळ उभे राहिले. सवयीने हात गुडघ्यावर गेला. पाय वाकू लागले. मग त्यांनी वर पाहिले. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत कल्याणी उभी होती. बापाला हात करायला आली होती, एवढेच. पण दशरथ सरळ झाले, तिला हात केला आणि निघाले.

हडपसरच्या उड्डाणपुलाच्या उतारावर पुढची बस थांबली. त्यांनी ब्रेक दाबला. नट वाटेत कुठेतरी पडला होता, पट्टी निसटली, ब्रेक चाकाबरोबर फिरला आणि चाक जागीच आवळले गेले. गाडी उजवीकडे पडली. उजवा हात हँडलच्या आणि दुभाजकाच्या मध्ये सापडला.

जीव वाचला. लोक म्हणतात, नशीब. उजव्या हाताची तीन बोटे पुन्हा मिटणार नाहीत, असे डॉक्टर म्हणाले. फिटरचा उजवा हात. नशीब म्हणायचे असेल तर म्हणा.

पान १६, दुसऱ्यांदा

कल्याणी मला घेऊन सेवा केंद्रात गेली. या वेळी 'आपण' नव्हते.

"पिन कुठे आहे? ब्रेकला पिन का नव्हती?"

इंद्रजीत यांचा चेहरा पडला होता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवले. मग मला उघडले आणि समासातल्या त्या ओळीवर पेनाचे टोक ठेवले.

"मॅडम, मला खरंच वाईट वाटतंय. पण आमच्याकडून पिन होती. बघा, तपासला म्हणून खूण आहे. नंतर काकांनी काही केलं असेल तर... आधीही केलं होतं, ते आपल्याच पुस्तकात लिहिलंय."

"त्यांनी हात नाही लावला! मी त्यांना हात लावू दिला नाही!"

हे वाक्य तोंडातून गेले आणि ती खुर्चीतून उठली. आपण काय म्हणालो, ते तिला ऐकू आले असावे.

पान १७ : हे पान मुद्दाम कोरे ठेवले आहे

ती बाहेर आली तेव्हा पार्किंगमध्ये उत्तरेश्वर आले. हात कपड्याला पुसत.

"ताई, जुनी पिन काढताना तुटली. नवी स्टोअरला मागितली, स्टोअरवाला जेवायला गेलेला. नट हातानं लावून गाडी बाजूला ठेवली मी. तेवीस गाड्या होत्या त्या दिवशी. दुसरी गाडी करून येईतोवर तुमची धुऊन तयार! शिक्काबी मारलेला. मला वाटलं, कुणीतरी घातली असंल."

"वाटलं?"

"व्हय. चुकलंच माझं."

कल्याणीने मला उघडले. हे कोरे पान काढले. पेन पुढे केले. "एवढंच लिहा. आत्ता बोललात ते. दोन ओळी."

उत्तरेश्वरांनी पेन घेतले. पेनाचे टोक माझ्यावर टेकले. एक ठिपका उमटला. मित्रांनो, एक खरी ओळ माझ्या अंगावर येण्याची मी किती वाट पाहिली म्हणून सांगू!

"पोरांच्या शाळा हायेत ताई," ते म्हणाले आणि पेन तिच्या हातात परत दिले.

तो ठिपका अजून आहे.

पान ११, फाडलेले

दीड महिन्याने रविवारी सकाळी गाडी पार्किंगमध्ये मधल्या स्टँडवर उभी होती. दशरथ प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते, उजवा हात गळ्यात बांधलेला. कल्याणी खाली उकिडवी. मधे ती पेटी, पूर्ण उघडलेली.

"किती नंबर?"

"सतरा."

"हा?"

"तो चौदा आहे. इंजिनिअर ना तू?"

"सॉफ्टवेअर, बाबा."

"मग त्यात नट नसतात का?"

ती हसली नाही. तेही हसले नव्हते. काढलेले नट, वॉशर जमिनीवर घरंगळू लागले, तेव्हा तिने मला उचलले, पान अकरा शोधले आणि एका झटक्यात फाडले. जमिनीवर पसरून त्यावर नट मांडले. हमीच्या अटींवर काळे तेल पसरले. मला दुखले नाही. खरे सांगायचे तर इतके हलके मला कधीच वाटले नव्हते.

नवी पिन तिने हार्डवेअरच्या दुकानातून आणली होती. दहा आणल्या होत्या, एक लागत असताना. ती घातली, पाय वाकवले, मग नेलपॉलिशची बाटली काढून नटावरून रेघ ओढली.

"वाकडी आली."

"वाकडी चालते," दशरथ म्हणाले. "तुटलेली चालत नाही."

पान ३२, खालचा भाग

मग त्यांनी मला मागितले. म्हणाले, कोणी काम केले ते लिहून ठेवायला हवे. डाव्या हाताने पेन धरून त्यांनी लिहायला घेतले. 'द' कसाबसा झाला. 'श' फुटला. पुढचे अक्षर चौकटीबाहेर गेले. वर तीन वर्षांपूर्वीची सही होती. रेघ आणि दोन टिंबे. तिच्याकडे ते बघत राहिले.

मग पेन ठेवले, डावा अंगठा त्या फाडलेल्या पानावरच्या तेलात टेकवला आणि माझ्यावर दाबला.

"आलो बापाच्या ठिकाणी," ते म्हणाले.

कल्याणीच्या हातातला पाना थांबला. "बाबा, बोटं सुधारतील. हळूहळू सगळं येईल."

"हे तू म्हणतेस, की पुस्तकात लिहिलंय?"

ते अंगठा लेंग्याला पुसत राहिले.

मागचे मुखपृष्ठ

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तू म्हणते, मला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला पावसात भिजू द्या, माझ्यात भजी बांधा, माझी उरलेली पानेही तेल पुसायला घ्या. माझ्यावर चाळीसहून जास्त खुणा आहेत आणि मी तुम्हाला सांगू शकत नाही, की त्यांतल्या किती खऱ्या. खरे असे माझ्यात एकच काही आहे. तो काळा अंगठा.

पण उद्या सकाळी तुमच्या घरातले कुणी गाडीपाशी उकिडवे बसलेले दिसले, तर एवढे करा. खिडकीत उभे राहू नका. खाली या.